ड्रॉपडाउन कुठे लावू नये : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'एक्सेलमध्ये ड्रॉपडाउन लावा, निम्म्या चुका जातील' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही रोज करता ते काम मी आयुष्यात सलग एक तासही केलेलं नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे वाचक नाशिक जिल्ह्यात एका कांदा व्यापाऱ्याकडे संगणकावर बसतात. हंगामात दिवसाला 200-250 पावत्या चढवतात. माझा लेख वाचून त्यांनी गाव, माल आणि पेमेंट या तिन्ही रकान्यांना ड्रॉपडाउन, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावणारा बाण, लावला आणि पंधरा दिवसांत काढून टाकला. त्यांच्या तक्रारी अशा : हात सारखा माऊसकडे जातो आणि काम रेंगाळतं, हाताखालची पोरं यादीतलं वरचंच नाव निवडून मोकळी होतात, व्हॉट्सॲपवरून आलेलं पेस्ट केलं की नियम गुंडाळला जातो, आणि गावाच्या रकान्यात तर नियम असूनही काहीही खपतं. शेवटचं वाक्य : "टाइप केलेली चूक निदान डोळ्याला दिसते, तुमची चूक दिसतच नाही."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि माझा लेख चुकला आहे.

'पिपळगाव' असं टाइप झालं तर कुणीही म्हणेल, अनुस्वार राहिला. पण यादीतून पिंपळगाव बसवंतऐवजी पिंपळगाव नजिक निवडलं गेलं, तर त्यात चूक दिसणार कुठे? शुद्धलेखन चोख, नाव यादीतलं, गाव खरं. तुमच्याकडे तर येवल्याच्या बाजूचं पिंपळगाव जलालही आहे, आणि वडनेर म्हटलं की भैरव की खाकुर्डी हे विचारावंच लागतं. ड्रॉपडाउन चुकीची निवड थांबवत नाही. तो फक्त एकाच गोष्टीला पाच नावं पडू देत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी लेखात ती एकाच पोत्यात भरली.

पण म्हणून दुसरं काम कमी मोलाचं नाही, आणि इथे मी थोडा हटून बसणार आहे.

आमच्या मंडळाची रक्तदात्यांची यादी एक्सेलमध्ये होती, दीडशेच्या वर नावं. एका रात्री ओ निगेटिव्ह हवं म्हणून फोन आला. मी फिल्टर लावला, दोन नावं आली. एक परगावी, दुसऱ्याने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. सुदैवाने रक्त दुसरीकडून मिळालं. दुसऱ्या दिवशी मी फिल्टरचा बाण उघडून नीट पाहिलं. रक्तगट असतात आठ. आमच्या यादीत तेवीस निघाले! कुणी मधे जागा सोडलेली, कुणी 'पॉझिटिव्ह' पूर्ण लिहिलेलं, कुणी मराठीत 'ओ'. आणि एका नोंदीत इंग्रजी ओ अक्षराच्या जागी शून्य. तो माणूस आमच्याच गल्लीत राहतो, ओ निगेटिव्ह आहे, आणि रात्रभर घरीच होता.

ती चूक तुमच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्याला दिसायला हवी होती. दोन वर्षं कुणाला दिसली नव्हती. आठच पर्याय, कधीही न बदलणारे, आणि ज्यावर पुढे शोध किंवा मोजणी होणार, असा रकाना ड्रॉपडाउनसाठीच जन्माला आलेला असतो. तुमचा पेमेंटचा रकानाही त्याच जातीचा : रोख, चेक, आरटीजीएस, ॲडव्हान्स. यातल्या 'ॲडव्हान्स'कडे बघा. पहिलं अक्षर काही कीबोर्ड एकसंध 'ॲ' म्हणून देतात, काही 'अ'वर वेगळी चंद्रकोर ठेवून. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात, पण आतले संकेत निराळे. दोन माणसं दोन कीबोर्डांवर लिहीत असतील, तर महिनाअखेरीच्या बेरजेत दोन 'ॲडव्हान्स' निघू शकतात आणि कितीही डोळे फाडले तरी फरक कळत नाही. तेव्हा हा एक ड्रॉपडाउन परत लावाच.

त्याच रकान्यावरची तुमची कुरकुर, की इंग्रजी 'कॅश' लहान अक्षरांत लिहिलं तर एक्सेल अडवतं, तिचा इलाज सोपा आहे. तुम्ही पर्याय सोर्सच्या (यादी कुठून घ्यायची ते सांगायच्या) चौकटीत स्वल्पविराम देऊन थेट लिहिले असणार. तसं केलं की लहान-मोठ्या अक्षराचा भेद धरला जातो. तेच पर्याय वेगळ्या शीटवर एकाखाली एक लिहून सोर्समध्ये त्या पट्ट्याचा पत्ता दिला, की भेद जातो. मात्र मग ज्याने जसं लिहिलं तसंच राहतं, एक्सेल ते सुधारून देत नाही.

आता गावाचा रकाना. तिथे बाणाची यादी लावणं ही चूकच, आणि ती माझ्या सांगण्यावरून झाली. शे-दोनशे गावं बाणाने उघडून खाली सरकत शोधायची हे घाईत कुणालाही जमणार नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये पहिली अक्षरं लिहिली की यादी आकसते, ऑल्ट दाबून खालच्या बाणाने ती माऊसशिवाय उघडते, पण तुमच्या वेगाला हे सगळं लंगडंच. तुम्ही सहज लिहून गेलात की तुमच्या जुन्या वहीत गावांना क्रमांक होते. तेच परत आणा.

क्रमांकाच्या रकान्यालाही डेटा व्हॅलिडेशन (रकान्यात काय चालेल याचा नियम, ड्रॉपडाउन त्यातूनच येतो) लावा, प्रकार 'लिस्ट'च ठेवा, सोर्स म्हणून क्रमांकांचा पट्टा द्या, आणि तिथेच 'इन-सेल ड्रॉपडाउन' असं लिहिलेल्या चौकटीतली खूण काढून टाका. बाण नाहीसा होतो, नियम राहतो! नंबर पॅडवरून 47 मारायचं, एंटर, पुढे. यादीत नसलेला क्रमांक असेल तर तिथेच अडकेल. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. ड्रॉपडाउनच्या नादात व्हॅलिडेशन ही त्याहून मोठी गोष्ट आहे हेच विसरलो.

शेजारच्या रकान्यात व्हीलुकअप या, क्रमांकावरून नाव शोधून आणणाऱ्या सूत्राने गावाचं नाव येऊ द्या. सूत्राच्या शेवटी शून्य किंवा फॉल्स लिहायला चुकू नका, नाहीतर क्रमांक यादीत नसला तरी ते जवळपासचं एखादं नाव चिकटवून देतं आणि आपण पुन्हा न दिसणाऱ्या चुकीपाशी येतो. आणखी एक : तिन्ही पिंपळगावांना 46, 47, 48 असे लागून क्रमांक देऊ नका. बोट घसरतं ते शेजारच्या आकड्यावरच. एकाला 11, दुसऱ्याला 45, तिसऱ्याला 83 दिलं, तर घसरलेलं बोट भलत्याच गावाला नेईल आणि समोर उभा असलेला शेतकरीच म्हणेल, "अहो, मी तिथला नाही."

"नियम असूनही काहीही खपतं" याचं कारण मला जवळजवळ नक्की माहीत आहे. तुम्ही गावांच्या पट्ट्याला नाव दिलंत, पुढे गावं वाढतील म्हणून खाली काही ओळी रिकाम्या ठेवल्यात, आणि डेटा व्हॅलिडेशनमधली 'इग्नोर ब्लँक'ची (रिकाम्या जागांकडे दुर्लक्ष करायची) खूण तशीच राहिली. हे तिन्ही एकत्र आले की एक्सेल कुठलीही नोंद मुकाट्याने घेतं. ती खूण काढा, किंवा पट्टा भरलेल्या ओळींपुरताच ठेवा. मीही यात एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

पेस्टबद्दल माझ्याकडे फुशारकी मारण्यासारखं काही नाही. बाहेरचा मजकूर सेलमध्ये पेस्ट केला तर नियम जागेवर राहतो, पण तपासणी होत नाही. एक्सेलच्याच दुसऱ्या सेलमधून साधं कॉपी-पेस्ट केलं तर नियमच पुसला जातो. 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' पहिल्या प्रकारातल्या चुकांभोवती लाल गोल काढतं, दुसऱ्यात मात्र ते आंधळं, कारण मोडायला नियमच उरलेला नसतो. म्हणून महिन्यातून एकदा गाव, माल, पेमेंट यांचं पिव्होट, म्हणजे प्रत्येक वेगळं नाव एकदाच दाखवणारा गोषवारा, काढा आणि नावं फक्त वाचून जा. 'गोल्टी' (बारीक कांदा) दोनदा दिसली, की कुठेतरी पेस्ट झालं आहे हे ओळखा.

पोरं वरचंच नाव निवडतात, याला एक्सेलमध्ये औषध नाही. पण ती तसं का करतात हे विचारा. बरेचदा पावतीवर माहितीच नसते आणि यादीत 'माहीत नाही' असं म्हणायची सोय नसते. ती द्या. 'इतर' मात्र देऊ नका. 'इतर' म्हणजे घरातला तो एक खण, ज्यात सुट्या किल्ल्या, संपलेले सेल आणि लग्नपत्रिका एकत्र पडलेल्या असतात. 'माहीत नाही' असलेल्या ओळी संध्याकाळी फिल्टर करून फोनवर विचारता तरी येतात.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. कोपरगावकडचे शेतकरी तुमच्याकडे येत असतील, तर जिल्ह्याच्या रकान्यात 2024 नंतर अहिल्यानगर आलं असेल. यादीत नाव बदललं म्हणून आधी निवडलेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. जुन्या ओळींत अहमदनगरच राहतं आणि बेरीज दोन जिल्ह्यांत फुटते. एकदा फाइंड-रिप्लेस करून घ्या.

आणि भावाच्या रकान्याला यादी नको, मर्यादा लावा. खालचा आणि वरचा आकडा द्या, पण एरर अलर्टमध्ये 'स्टॉप'ऐवजी 'वॉर्निंग' ठेवा. 1850 च्या जागी 18500 पडलं तर एक्सेल विचारेल आणि तुम्ही नाही म्हणाल. कांद्याने खरंच उसळी मारली तर हो म्हणून पुढे जाता येईल. 'स्टॉप' ठेवलंत तर त्या दिवशी लिलाव सुरू आणि तुमची फाईल बंद.

राहता राहिलं शीर्षक. 'निम्म्या चुका' हा आकडा मी कुठून आणला असं तुम्ही विचारलंत. कुठूनच नाही, कानाला बरा वाटला म्हणून लिहिला. आज तो काढला आहे, आणि बाण काढायच्या त्या खुणेचा परिच्छेद मूळ लेखात घातला आहे.