सर, लाईन गेली!

दिवसा मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जिग-फिक्स्चरची (म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साधनांची) ड्रॉइंगं काढतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका तंत्रनिकेतनात ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, गणपतीची सुट्टी लागली तर मोदक. जुलैत शिकवलेल्या तासाचं मानधन होळीच्या सुमारास येतं, तेव्हा काय शिकवलं होतं हे मलाही आठवत नसतं.

बॅच ३० जणांची, संगणक २२, त्यातले चालू १८. पहिल्या दहा मिनिटांत हाक येतेच. ‘‘सर, लाईन गेली!’’

या हाकेचे दोन अर्थ. पहिला, पोरानं माउसचं चाक असं काही गरगरवलंय की ड्रॉइंग पार सोलापूरला पोचलंय. झेड, एंटर, ई, एंटर केलं की सगळं ड्रॉइंग पडद्यावर मावतं आणि दोन ठिपके उगवतात. एक ठिपका म्हणजे बेअरिंग ब्रॅकेट, दुसरा म्हणजे मैलभर लांब चुकून पडलेलं वर्तुळ. दुसरा अर्थ, खरीच लाईन गेली. मग यूपीएस केकाटायला लागतात आणि मी विचारतो, ‘‘सेव्ह केलं होतं का रे?’’ एवढी शांतता श्रद्धांजलीच्या सभेतही नसते.

एकानं १०० मिलिमीटरची प्लेट काढली, पण टेम्प्लेट उघडलं इंचाचं. २५.४ पट! अडीच मीटरची प्लेट. म्हटलं, ‘‘अरे, ही बसवायला क्रेन लागेल.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, प्लॉट करताना फिट टू पेपर मारतो ना!’’

आमच्या वेळी जीटी होती, ग्लास ट्रेसिंग. दोन स्टुलांवर काच, काचेखाली बल्ब, वर मित्राचं शीट आणि त्यावर आपलं. रात्रभर मान मोडून दुसऱ्याच्या रेषा गिरवायच्या. चोरीच ती, पण तीसुद्धा हातानं करावी लागे, आणि दहाव्या शीटला नकळत ड्रॉइंग यायला लागायचं. (मला असंच आलं. हे वर्गात सांगितलेलं नाही.) आता सगळी चोरी एका पेनड्राइव्हमध्ये मावते.

परवा सबमिशन होतं. एकेक प्रिंट तपासत गेलो. भोकाचा व्यास समोरच्या दृश्यात १२, वरच्या दृश्यात २१. पुढच्या मुलाचंही तेच. त्याच्या पुढच्याचंही. भडकलो. ‘‘मूळ फाईल कोणाची? उभा राहा!’’ कोणी हलेना. शेवटी एका मुलीनं टायटल ब्लॉककडे बोट दाखवलं. ‘ड्रॉन बाय’च्या रकान्यात माझंच नाव होतं. दिवाळीआधी नमुना म्हणून दिलेली माझी फाईल, माझ्या चुकीसकट, २९ जणांनी सादर केली होती. नाव बदलायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

तिसावं ड्रॉइंग मात्र वेगळं. दोन्हीकडे १२. रेषा जरा वेड्यावाकड्या, मापं एकमेकांवर चढलेली, पण बरोबर! मला भरून आलं. त्या मुलाला पुढे बोलावलं, पाठ थोपटली, म्हटलं, ‘‘शाब्बास! तुला स्वतः काढावंसं वाटलं.’’

‘‘नाही सर,’’ तो खाली बघत म्हणाला, ‘‘माझ्या पीसीवर व्हर्जन जुनं आहे. तुमची फाईल उघडलीच नाही.’’