आमच्या गावच्या कबरी गोऱ्यांच्या नाहीत

सोलापूरकडच्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. आमच्या गावच्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खेड्यातली चर्चं इंग्रज सरकारने बांधून दिली. त्यांची दफनभूमी म्हणजे गोऱ्या साहेबांच्या कबरी, त्यांचं आता इथं कुणी उरलेलं नाही. पुरणं ही परदेशी चाल. हे ख्रिस्ती लोक दुष्काळात धान्यासाठी बाटले. तेव्हा ती जागा गावाने मोकळी करून घ्यावी. आधीची सगळी वाक्यं या शेवटच्या वाक्यासाठी लिहिलेली आहेत, म्हणून उत्तर द्यायला बसले.

पहिलं, इंग्रज सरकार. आमच्या भागात जी ख्रिस्ती मंडळी (चर्चचा समाज) उभी राहिली ती अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून, आणि ते मिशन इंग्रजांचं नव्हतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्याचे पहिले दोघे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं. कंपनी सरकारने त्यांना परत धाडायचंच ठरवलं होतं. बऱ्याच अर्ज-विनंत्यांनंतर त्यांना राहू दिलं. पुढे १८३१ मध्ये काम अहमदनगरला पोचलं आणि १८६० च्या दशकात सोलापुरात. मिशनच्या शाळांना नंतर सरकारी अनुदान मिळायचं, हे खरं आहे. पण आमच्या गावचं देऊळ (आमची म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) हे मातीच्या भिंतींचं आणि माळवदाचं होतं. आजी सांगायची, त्या माळवदाला पांढरी माती घालायला सगळी वस्ती जमायची. पत्रे माझ्या लहानपणी आले, तेही वर्गणीतून.

आता कबरी. मजकुरासोबतच्या फोटोत इंग्रजी अक्षरांचं उंच थडगं दिसतं. तसलं एकही थडगं आमच्या दफनभूमीत नाही. तिथं शहाबादी फरशीचे तुकडे उभे केलेत, त्यावर छिन्नीने कोरलेली मराठी नावं आहेत आणि खाली ‘प्रभूमध्ये निजली’ असं लिहिलंय. निम्म्याहून जास्त कबरींना तेवढंही नाही. मुरमाचा उंचवटा आणि डोक्याशी एक दगड, बस्स. १९१८ च्या मानमोडीत (इन्फ्लुएन्झाच्या साथीत) आजीची थोरली बहीण गेली. ती कुठं आहे हे आजीला दगडावरून ओळखता यायचं. मला येत नाही, आणि त्याची मला फार खंत वाटते. ज्यांचं इथं कुणी नाही असं मजकूर म्हणतो, त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच गावात राहतात, त्याच विहिरीचं पाणी पितात.

‘पुरणं परदेशी’ हे वाक्य सोलापुरात बसून कसं लिहवतं? हे सिद्धरामेश्वरांचं गाव. बाराव्या शतकातल्या त्या शिवयोग्याची समाधी तळ्याच्या मधोमध आहे आणि सगळं शहर तिच्यापुढे डोकं टेकवतं. जिल्ह्यातला लिंगायत समाज आपल्या माणसाला हातात इष्टलिंग देऊन, बसवून मातीत ठेवतो. महानुभावांतही पुरतात. तान्ही लेकरं तर बहुतेक सगळ्यांकडे पुरतात. ‘मातीला जाऊन आलो’ हे आपल्याकडं मयत कुणाचंही असो, सगळेच म्हणतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आमची माणसं ख्रिस्ती होण्याआधीही पुरतच होती. महारवाड्या-मांगवाड्यातली ती जुनीच रीत. सरपण कुठून आणणार, आणि गावाच्या स्मशानात पाऊल कोण ठेवू देणार? म्हणून ओढ्यापलीकडचा, पीक न येणारा माळ वाट्याला आला. ‘वेगळी जागा कशाला हवी’ असं मजकुरात ठसक्यात विचारलंय. आम्ही वेगळी मागितली नव्हती. आम्हाला वेगळं ठेवलं होतं.

दुष्काळाचं मी लपवणार नाही. १८७६-७८ च्या, आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात या जिल्ह्यात माणसं रस्त्यावर मेली. मिशनने अनाथ पोरं सांभाळली, त्यातली कित्येक ख्रिस्ती म्हणून वाढली. उपाशी लेकराला भाकरी दिली यात लाज कुणाला वाटावी? आणि धान्यासाठी आलेला माणूस पीकपाणी सुधारल्यावर परत गेला असता. हे लोक सव्वाशे वर्षं राहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये, ख्रिस्त्यांचा आजवर नाही. माझ्या भावाने हे नुकसान सोसून शिक्षण घेतलं. बाटण्यात फायदा होता म्हणणाऱ्यांनी त्याच्याशी बोलावं.

राहिली जागा मोकळी करण्याची गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये गायरान, गावठाण, खळवाडी यांच्याबरोबर दहन-दफनासाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. कुठल्याही समाजाची दफनाची जागा पोटखराबा ‘ब’ वर्गात, म्हणजे लागवडीबाहेरच्या जमिनीत, धरतात. भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. तेव्हा ट्रॅक्टर घेऊन निघण्याआधी तलाठ्याकडून उतारा काढावा.

आणि आमच्याकडे दफनाची वही आहे, पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरी, कपड्यात गुंडाळलेली. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी दोघेजण माझ्या वर्गात होते. त्यांनी यावं, मी वही उघडून देते. पहिल्या पानावरच्या आडनावांची पोरं आमच्याच बाकावर बसायची.