देवय्यांचं शौर्य आपल्याला पाकिस्तानकडून कळलं

७ सप्टेंबर १९६५. भारत-पाक युद्ध सुरू होतं. पहाटे पंजाबातल्या आदमपूरहून आपल्या हवाई दलाची मिस्टियर ही लढाऊ विमानं पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला करायला निघाली. मूळ बारा जणांत स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्यांचं नाव नव्हतं, ते राखीव होते. कोडगूचा हा माणूस तरीही गेला आणि परत आला नाही. हवाई दलाने नोंद केली: बेपत्ता.

परतीच्या वाटेवर पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेनच्या स्टारफायटर विमानाने त्यांना गाठलं होतं. ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाचं, मिस्टियर कुठेच जवळपास नाही. देवय्यांच्या विमानाला गोळे लागले. हा संपला असं समजून अमजद दुसऱ्यांच्या मागे वळला, तेवढ्यात त्याच जखमी मिस्टियरने फिरून त्याच्यावर तोफा डागल्या. इंधन आधीच जेमतेम, अशा वेळी झुंजायला वळणं म्हणजे घरी परतायची आशा सोडणं. स्टारफायटर पडलं, अमजद छत्रीने उतरला. देवय्यांचं विमान शेतात कोसळलं आणि तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना तिथेच पुरलं.

हे आपल्याला कळलं कधी? १९७९ मध्ये, एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलावर लिहिलेल्या पुस्तकातून! परत आलेल्यांपैकी कुणीच अशी झुंज दिली नव्हती, म्हणजे तो वैमानिक देवय्याच. मोहिमेचं नेतृत्व करणारे ओ. पी. तनेजा यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९८८ मध्ये महावीर चक्र मिळालं. २३ वर्षांनी. मला याचा राग येतो आणि तो लपवायची गरजही वाटत नाही.

आपल्या विजय वसंत तांब्यांचंही तेच. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचं सुखोई पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या वैमानिकांत त्यांचं नाव असल्याची बातमी तिकडच्याच वर्तमानपत्रात आली, पण ते परतले नाहीत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, जन्मभर शोध घेत राहिल्या. तेव्हाच्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत ते आहेत.

अमेरिकेची पथकं आपल्या अरुणाचलच्या डोंगरांत येऊन दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे अवशेष उकरतात, हाडं सापडली तर घरच्यांकडे पोचवतात. आपण पाकिस्तानकडे निदान देवय्यांच्या थडग्याची जागा तरी ठासून मागावी. बेपत्ता वैमानिकांची विमानं कुठे पडली त्याच्या नोंदी त्यांच्या हवाई दलाकडे असणारच. आणि आपल्या फायलींत जे आहे ते आधी कुटुंबांच्या हाती द्यावं, त्यासाठी तर कुणाची परवानगीही लागत नाही.