‘केमन म्हणजे ९११ न परवडणाऱ्याची पोर्शे’ हे खरं नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: पोर्शे घ्यायची तर ९११ च घ्यावी, केमन ही ज्याला ९११ परवडत नाही त्याची गाडी. कारणंही दिली आहेत. केमन ९११ च्या उरल्यासुरल्या भागांतून जोडलेली, खऱ्या पोर्शेचं इंजिन पार मागेच असतं, केमन हळू आहे, तिला चारच सिलिंडर, मागची सीट नाही, आणि आपल्या रस्त्यांवर कुठल्याच स्पोर्ट्स कारचा फरक कळत नाही, मग निदान नावाची तरी घ्या. मेसेज इतका ठाम आहे की ज्यांनी दोन्हींपैकी एकही चालवलेली नाही तेही तो बिनदिक्कत पुढे पाठवतात.

मी तुर्भे एमआयडीसीत अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम करतो. दोन्ही गाड्या लिफ्टवर येतात आणि काम झालं की ट्रायल मारावी लागते. ९११ विषयी मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगतो. पण चालवण्याची हौस असलेली माणसं केमनकडे का वळतात, याचं उत्तर पाकिटात शोधणं चूक आहे. ते गाडीच्या वजनात आणि ते वजन कुठे ठेवलंय यात आहे.

आधी उरल्यासुरल्या भागांचं. इतिहास नेमका उलटा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे आर्थिक अडचणीत होती. १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टर या उघड्या टपाच्या गाडीचं संकल्पनारूप दाखवलं आणि १९९६ मध्ये गाडी बाजारात आली, अडीच लिटरचं, पाण्याने थंड होणारं नवं सहा सिलिंडर इंजिन घेऊन. पाण्याने थंड होणारी पहिली ९११, म्हणजे ९९६ पिढी, त्यानंतर १९९७ मध्ये आली आणि तिने पुढचे दिवे, बॉनेट, दरवाजे असा बराचसा पुढचा भाग बॉक्स्टरबरोबर वाटून घेतला. केमन ही याच बॉक्स्टरची छप्पर असलेली बहीण, २००५ ची. भाग सामाईक आहेत, पण ९११ ने वापरून टाकलेले नाहीत.

आता ‘खऱ्या पोर्शेचं इंजिन मागेच’ हा मुद्दा. पोर्शे नावाची पहिली गाडी, १९४८ ची ३५६ क्रमांक १, ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात तयार झाली. तिचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे होतं, म्हणजे केमनसारखंच मधे. विक्रीसाठी ३५६ करताना ते अ‍ॅक्सलच्या मागे ढकललं, कारण सीट आणि सामानासाठी जागा हवी होती. शर्यतीसाठी मात्र कंपनी मधल्या इंजिनाकडे परत परत आली. १९५३ ची ५५० स्पायडर, १९५७ ची ७१८ (केमनला २०१६ मध्ये मिळालेलं ‘७१८’ हे नाव तिथूनच घेतलंय), १९७० आणि १९७१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी ९१७, सगळ्या मधल्या इंजिनाच्या. १९९८ मध्ये ल मान्स जिंकलेल्या ९११ जीटी१ चं इंजिनही मधेच. आणि २०१७ च्या मोसमापासून पोर्शेने आपल्या ९११ आरएसआर या शर्यतीच्या गाडीतसुद्धा इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आणलं. ज्या गाडीच्या नावावर हा सगळा अभिमान उभा आहे, तिच्या इंजिनाची जागा खुद्द तिच्या निर्मात्यांनी जिंकण्यासाठी बदलली. याहून मोठी साक्ष कोणाची काढायची?

पण नुसता इतिहास सांगून भागणार नाही, चालवताना काय होतं ते बघू. ९११ मध्ये जवळपास साठ-बासष्ट टक्के वजन मागच्या चाकांवर येतं. वळणातून बाहेर पडताना रेस दिली की मागचे टायर जमीन घट्ट धरतात. ब्रेक मारताना इतर गाड्यांचं नाक खाली जातं, मागची चाकं हलकी पडतात. ९११ ची मागची चाकंही कामाला लागतात. हा खरा फायदा आहे आणि तो कोणी नाकारू नये. अडचण वळणाच्या मधोमध येते. तुम्ही आत शिरलात, वेग जरा जास्त वाटला आणि घाबरून रेस सोडली. भार पुढे सरकतो, मागचं टोक हलकं होतं आणि अ‍ॅक्सलच्या मागे टांगलेलं इंजिन सरळ जायची ओढ धरतं. जुन्या ९११ ची शेपूट इथेच सुटायची. सुरुवातीच्या काही गाड्यांत त्यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ११-११ किलोची ओतीव वजनं बसवली होती. १९६९ च्या मॉडेलपासून दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. पुढे १९९३ मध्ये मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारं) सस्पेन्शन आलं, २०११ मध्ये ते अंतर आणखी १०० मिलिमीटरने वाढलं. आजची ९११ शहाणी झालीय ती या अनेक दशकांच्या मेहनतीमुळे. केमनला ही मेहनत लागलीच नाही, कारण तिच्यात तो प्रश्न मुळात नाही.

भरलेल्या दोन बादल्या अंगाशी धरून गर्रकन वळून बघा, मग हात लांब करून वळून बघा. वजन तेवढंच, पण दुसऱ्या वेळी वळायला आणि थांबायलाही जोर लागतो. केमनचं इंजिन तुमच्या पाठीमागे वीतभर अंतरावर आहे, म्हणून ती वळते ती तुमच्या कमरेभोवती. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली यात उसंत सापडत नाही. मागचे टायर किती धरताहेत हे सीटमधून आधी कळतं, डोळ्यांना नंतर दिसतं. हौशी चालकाला हवं असतं ते हेच.

आमच्या कारखान्यात केमन पहिल्यांदा पाहणारे हमखास इंजिन दाखवायला सांगतात. पुढची डिकी उघडली तर दीडशे लिटरचा खोल कप्पा. मागची काच उचलली तर तिथेही सामानाचीच जागा आणि कडेला दोन झाकणं, एक ऑइलचं, एक कूलंटचं. एवढंच. खालून बघावं तर पत्रे लावून झाकलेलं. मिरवायला इंजिन नसलेली स्पोर्ट्स कार ही! मेसेज लिहिणाऱ्याला हे आवडणार नाही, पण वजन बरोबर जागी ठेवायचं तर इंजिन असं दडपून बसवावंच लागतं.

वेगाचा मुद्दा. साधी ७१८ केमन मॅन्युअल गिअरमध्ये ० ते १०० ला ५.१ सेकंद घेते, २०१९ ची, म्हणजे ९९२ पिढीतली सुरुवातीची साधी ९११ कॅरेरा ४.२. पहिलीची ताकद ३०० हॉर्सपॉवर, दुसरीची ३८५. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा. अटल सेतूवर मर्यादा १०० ची, एक्स्प्रेस-वेच्या सपाट भागात १०० ची. केमन दुसऱ्याच गिअरमध्ये त्याच्या पुढे जाते (तिचे गिअर गरजेपेक्षा लांब आहेत, ही तिची खरी उणीव, आणि नेमकी तीच मेसेजमध्ये नाही). मग तो पाऊण-एक सेकंद वापरायचा कुठे? उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: रात्री पाम बीच रोडवर. वाशी ते बेलापूर सरळसोट रस्ता, आणि कोण आधी पोहोचतो याची ईर्षा. तिथल्या अपघातांबद्दल नवी मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. गाडीची किंमत सेकंदांत मोजायची सवय लावली की पोरं तिथेच जाणार, आणि असे मेसेज ती सवय लावतात. याचा मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

आकडाच हवा असेल तर वजनाचा घ्या. केमन साधारण १,३३५ किलो, कॅरेरा १,५०५. दीडशेहून जास्त किलोंचा हा फरक प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वळणाला, कुठलाही नियम न मोडता हाताला लागतो.

चार सिलिंडरबद्दल मी अर्धं मान्य करतो. २०१६ मध्ये ७१८ नाव आलं तेव्हा साध्या केमनला दोन लिटरचं आणि ‘एस’ला अडीच लिटरचं टर्बो इंजिन मिळालं, आणि जुन्या सहा सिलिंडरचा आवाज गेला. नवा आवाज खरखरीत आहे, स्टार्ट केल्यावर तर जास्तच. पण चार सिलिंडर म्हणजे पोर्शे नव्हे, हे कुठून काढलं? १९६३ मध्ये ९११ जगासमोर येईपर्यंत ३५६ चार सिलिंडरवरच चालत होती. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं ल मान्स जिंकलेल्या ९१९ हायब्रिडमध्येही दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिनच होतं. शिवाय मेसेजमध्ये सोयीस्करपणे गाळलेली गोष्ट: २०२० च्या केमन जीटीएस ४.० मध्ये चार लिटरचं, टर्बो नसलेलं सहा सिलिंडर इंजिन परत आलं, ४०० हॉर्सपॉवरचं, सहा गिअरच्या मॅन्युअलसकट. त्याच काळातल्या ९९२ कॅरेराला मात्र टर्बो आहे. आवाजाच्याच कसोटीवर तोलायचं तर मी जीटीएस ४.० घेईन.

मागच्या सीटचं उत्तर एका ओळीचं: लहान मुलं असतील आणि घरात ही एकच गाडी असेल तर ९११ घ्या, त्यात वाद नाही. पण ती गरज कुटुंबाची आहे, चालकाची नव्हे.

उरला रस्त्यांचा मुद्दा, आणि यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मेट्रोच्या कामात घोडबंदर रोडवरून सकाळी स्पोर्ट्स कार नेणं म्हणजे शिक्षा. गायमुख घाटात स्पीडब्रेकर तिरके घेत, खड्डे चुकवत जावं लागतं. इथे ९११ ला पुढचं नाक उचलायची सोय घेता येते, तो फायदा तिच्या पारड्यात टाका. मागचं मल्टिलिंकही केमनच्या साध्या स्ट्रटपेक्षा (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) चांगलं, हे मी रोज खालून बघतो. दुसऱ्या पारड्यात हे घाला: केमन ९११ पेक्षा पाच सेंटिमीटर अरुंद आणि चौदा सेंटिमीटर आखूड आहे. राम मारुती रोडवर दोन्ही बाजूंना पार्किंग असताना पाच सेंटिमीटरचा अर्थ काय, ते नौपाड्यात राहणाऱ्याला विचारा.

पण ‘फरक कळत नाही’ हे साफ खोटं. पावसाळा सरल्यावर एखाद्या रविवारी पहाटे कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढा. माझा एक ग्राहक त्याची केमन तिथे नेतो, मीही त्याच्याबरोबर गेलोय. वळणाआधी ब्रेक मारला, दुसरा गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय एकदम न काढता हळूहळू सैल करत आत शिरलं. पुढच्या टायरवर भार टिकतो, नाक आत येतं, मागचं टोक तेवढंच वळतं जेवढं तुम्ही मागितलं. काट्यावर चाळीस-पन्नास. त्या वेगालाही स्टिअरिंगमध्ये भार वाढताना आणि उतरताना कळतो. डांबराचा एखादा पट्टा बदलला, कुठे ओल राहिली असली, तर हातांना लगेच समजतं. ९११ त्याच वळणात उत्तमच जाते, पण तिची मजा सुरू होते ती वळणातून बाहेर रेस देताना. तेवढी रेस द्यायला पुढे मोकळा रस्ता लागतो, आणि आपल्या घाटात समोरून एसटी येते, दुधाचा टेम्पो येतो. म्हणजे रस्ते वाईट आणि वेग कमी, या कारणासाठी निवडायची तर केमनच आधी येते. मेसेजचा हा मुद्दा त्याच्यावरच उलटतो.

आता ज्यावरून सगळं सुरू झालं ते परवडणं. दोन्ही कोटीच्या पुढच्या गाड्या, तेव्हा ‘परवडत नाही’ हा शब्द इथे वापरणंच मला चुकीचं वाटतं. साधी केमन साध्या ९११ पेक्षा स्वस्त, हे खरं. पण २०२१ मध्ये आलेल्या केमन जीटी४ आरएसमध्ये ९११ जीटी३ च्या घराण्यातलं चार लिटरचं इंजिन आहे, ५०० हॉर्सपॉवरचं, ९,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. तिची किंमत भारतातही साध्या कॅरेरापेक्षा जास्त होती आणि जर्मनीतही. तरी ती घेणारे होते. ९११ सहज घेऊ शकणारी माणसं जास्त पैसे मोजून केमन घेतात, याचा खुलासा मेसेजकडे नाही.

पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबलं, त्यामुळे यापुढे घ्यायची ती जुनी. बघायला जाल तेव्हा मागच्या टायरची आतली कड हात घालून चाचपा. बाहेरून नक्षी शाबूत दिसते आणि आतून टायर गुळगुळीत झालेला असतो. तसं असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर आहे ते) दोन्ही मोजून घ्या. गाडी लिफ्टवर चढवून खालचे पत्रे आणि पुढच्या बंपरच्या ओठाची खालची बाजू बघा, स्पीडब्रेकरवर घासलेली गाडी तिथेच ओळखू येते. मग ट्रायल मारा, गाणी बंद ठेवून, आणि शक्य असेल तर त्याच रस्त्यावर लगेच एखादी ९११ सुद्धा.