'चंद्रतालवर जगतंय काय?' म्हणणाऱ्यांसाठी

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर स्पितीचे प्लॅन शिजायला लागतात आणि सोबत तिथल्या चंद्रताल तळ्याबद्दल एक मेसेज फिरतो: 'चौदा हजार फुटांवर जगतंय काय? वाहतं पाणी आहे. मेंढ्या चरतात ते चालतं, आम्ही काठावर तंबू टाकले, साबण लावून आंघोळ केली तर बिघडलं कुठे? संरक्षित म्हणजे नुसती पाटी.'

जगतंय काय ते बघायला थंडीत पुण्याजवळच्या कवडीपाटला जा. नारिंगी-विटकरी अंगाचे, फिकट डोक्याचे चक्रवाक उथळ पाण्यात चरताना दिसतील. भिगवणला तर थवेच. उन्हाळ्यात हा पक्षी लडाख-स्पितीसारख्या उंच मुलखात असतो, चंद्रतालवरही दिसतो. (कवडीचीच जोडी तिथे भेटेल असं नाही, पण जात तीच.) तो अंडी घालतो कड्याच्या कपारीत नाहीतर बिळात, कधी पाण्यापासून बरंच लांब. पिल्लं बाहेर आली की आईबाप त्यांना चालवत पाण्यावर आणतात. वाटेत तंबूंची रांग आणि स्पीकर असला तर?

वाहतं पाणी? बाहेर पडतं ते खालच्या चंद्रा नदीत, जी तांडीला भागेला मिळून पुढे चिनाब होते. म्हणजे घाण नाहीशी होत नाही, खालच्या गावांकडे जाते. काठाच्या उथळ पाण्यात अडकते ती वेगळीच. अशा थंड तळ्यात मुळात खतपाणी कमी असतं, त्यामुळे खरकटं-मूत्र थोडंसुद्धा शेवाळाला पुरतं. जास्तीच्या खताने काय होतं ते पाषाण तलावाच्या जलपर्णीत रोज दिसतंय. आणि 'हर्बल' साबणसुद्धा जिरायला माती आणि जिवाणू लागतात. गार पाण्यात ते काम फार सावकाश चालतं.

मेंढ्यांचा मुद्दा खरा आहे. अतिचराईने तिथली कुरणं झिजली आहेत, रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या, नोंदीतही ते आहे. पण उन्हाळ्याचे मोजके महिने वाढणारं गवत आधीच उसवलंय, म्हणून त्यावर आपणही खुंट्या ठोकायच्या, हे कुठलं तर्कट?

पाटीचं म्हणाल तर 49 हेक्टरचं हे तळं 2005 पासून रामसर यादीत आहे. त्याच यादीत 2020 मध्ये आपलं लोणार गेलं, तेव्हा हेच ग्रुप अभिनंदनाने भरले होते. चंद्रतालच्या काठावर मुक्कामाला बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात. तिथून चालत जा, बघा, परत या. आंघोळीचं एवढंच असेल तर मनालीत गीझर आहेत.