पालघरची ती पोटनिवडणूक माझ्या मनातून जात नाही

पोटनिवडणुकीचा विषय निघाला की मला २०१८ चं पालघर आठवतं. जानेवारीत खासदार चिंतामण वनगा गेले आणि २८ मे रोजी मतदान झालं. वनगा आयुष्यभर भाजपचे, पण त्यांचा मुलगा श्रीनिवास उभा राहिला शिवसेनेकडून. भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना तिकीट दिलं. राज्यात एकाच सरकारात बसलेले हे दोन पक्ष पालघरात मात्र एकमेकांची उणीदुणी काढत होते. शिवाय बहुजन विकास आघाडी, काँग्रेस, माकप होतेच.

२०१४ ला वनगा २ लाख ३९ हजारांनी जिंकले होते. आता गावितांना २ लाख ७२ हजार, श्रीनिवास यांना २ लाख ४३ हजार, बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांना २ लाख २२ हजार मतं. पहिल्या तिघांत पन्नास हजारांचंही अंतर नाही!

मतदानाच्या दिवशी मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर होतो. मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र बंद पडलेलं. शाळेच्या पडवीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक मावशी रिकामा हंडा पायाशी घेऊन थांबलेली. म्हटलं, "मावशी, पाणी भरून या ना तोवर." म्हणाली, "नको, नंबर जाईल." विहिरीवरही नंबर, इथेही नंबर. याच भागातून वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, हे लिहितानासुद्धा लाज वाटते. प्रचारात सगळे मोठे नेते येऊन गेले, पण भाषणं कशावर? वनगांचा खरा वारस कोण, गद्दार कोण, यावर.

आणि पुढे? २०१९ ला भाजप-शिवसेनेची युती झाली, पालघर शिवसेनेकडे गेलं. गावित शिवसेनेत आले, तिचेच उमेदवार झाले आणि जिंकले. ज्यांच्या विरोधात वर्षभरापूर्वी शिवसैनिक उन्हातान्हात फिरले, त्यांच्यासाठीच आता मतं मागायची! श्रीनिवास यांना नंतर विधानसभेचं तिकीट मिळालं. नेत्यांची सोय लागली.

हे कायद्यात बसतं, मान्य. पण मला हे चुकीचंच वाटतं. मत देणाऱ्याने एक बाजू घेतलेली असते, त्यासाठी भावकीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाईटपणा घेतलेला असतो. चिन्ह बदलायचं तर आधी त्या पाड्यावर जा, त्याच शाळेच्या पडवीत बसा आणि का बदलताय ते सांगा. आणि आलातच, तर त्या मावशीचा हंडा कुठून भरायचा, तेही सांगा.