डिपॉझिट

दर ऑगस्टला तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. ऑगस्ट २०२१, तालिबान आलेले, अमेरिकी फौज निघालेली. काबूलची धावपट्टी, ते राखाडी अवजड विमान, त्याच्या बाजूने धावणारी माणसं, चाकांपाशी चिकटून बसलेले काही जण. खालच्या कमेंटही ठरलेल्या. अर्धे लिहितात, "अमेरिका शेपूट घालून पळाली." उरलेले लिहितात, "थांबली असती तर आज पोरी शाळेत असत्या." मला दोन्ही पटत नाही. पण दुसरं जास्त खुपतं, कारण ते लिहिणारी माणसं मनाने चांगली असतात.

शाळेचं खरं आहे. २३ मार्च २०२२ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि त्याच दिवशी बंद झाल्या. डिसेंबरात विद्यापीठांचंही दार लागलं. पण "आम्ही गेलो तर यांचं कसं होईल" हे आपल्याही आजोबा-पणजोबांना ऐकवलं गेलंच होतं. आम्ही निघालो की हे एकमेकांचे गळे कापतील, असं म्हणायचे. आणि गळे कापले गेलेही! तरीसुद्धा इंग्रजांनी आणखी वीस वर्षं राहायला हवं होतं, असं आपल्यातलं कुणी म्हणेल का? आपला राग वेगळ्या गोष्टीवर आहे. जून १९४८ची मुदत ओढून ऑगस्ट १९४७वर आणली. सीमारेषा कुठून जाते ते लोकांना कळलं १७ ऑगस्टला, म्हणजे झेंडे फडकावून झाल्यावर. पंजाब जळत होता तेव्हा गोऱ्या पलटणी बराकीत होत्या. शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ला आपल्या गेटवेखालून मानवंदना घेऊन बोटीत बसली. जाणं बरोबरच होतं, जाताना जे केलं त्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

आमच्याकडे वरच्या खोलीत एक अफगाण मुलगा भाड्याने राहायचा. पुण्यात हे काही नवल नाही, कित्येक वर्षं ही मुलं इथे शिकायला येतात. आमच्या आईचं भाडेकरूंविषयी एक शास्त्र आहे. माणूस राहतो कसा यावरून त्याची परीक्षा करू नये म्हणते, सोडून जातो कसा ते बघावं. लाइटबिल, किल्ली, भिंतीतले खिळे.

या शास्त्रात अमेरिका नापास. जुलै २०२१च्या सुरुवातीला बगरामचा प्रचंड हवाई तळ त्यांनी रातोरात सोडला. नव्या अफगाण कमांडरने पत्रकारांना सांगितलं की ते गेल्याचं आम्हाला काही तासांनी कळलं. वीज बंद झालेली, लुटारू आत शिरलेले, आणि मागे हजारो गाड्या, त्यातल्या कित्येकींच्या किल्ल्याच नाहीत.

पण खरी गोम त्याआधीची आहे, २९ फेब्रुवारी २०२०ची. दोहाला करार झाला तो अमेरिका आणि तालिबान यांच्यात. ज्या सरकारला वीस वर्षं आपलं म्हणून उभं केलं, त्याला सहीलासुद्धा बोलावलं नाही. वर त्याच सरकारने ५,००० तालिबानी कैदी सोडायचे, हे मात्र परस्पर ठरलं. आणखी एक कलम होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सैनिकांबरोबर कंत्राटी माणसंही परत जायची. अफगाण हवाई दलाची विमानं-हेलिकॉप्टरं दुरुस्त करत होते तेच. मिस्त्री गेले, विमानं जमिनीवर आली, आणि दूरच्या चौक्यांवर ना दारूगोळा पोचेना ना जखमींना आणता येईना. मग १६ ऑगस्टला बायडेन म्हणाले की अफगाण फौजेलाच लढायचं नव्हतं. या युद्धात अफगाण सैनिक आणि पोलीस मेले साठ हजारांवर, अमेरिकी सैनिक सुमारे २,४००. लढले नाहीत म्हणे!

यापेक्षा रशियन बरे निघाले, हे लिहिताना मला मजा वाटत नाही. त्यांनी तिथे नऊ वर्षं जे केलं ते भयानक होतं. पण १५ फेब्रुवारी १९८९ला जनरल ग्रोमोव्ह अमूदर्यावरचा पूल ओलांडून गेले, त्यानंतरही रसद येत राहिली. त्यांनी मागे ठेवलेलं नजीबुल्लाचं सरकार काही महिन्यांत कोसळेल असं वाटत होतं. जलालाबादला मुजाहिदीनांनी जोर लावला, तरी ते टिकलं. पडलं ते १९९२च्या एप्रिलमध्ये, सोव्हिएत संघच बुडाला आणि रसद आटली तेव्हा. म्हणजे फौज काढून घेतली की सगळं संपतंच असं नाही. मागे राहणाऱ्याच्या हातात काय ठेवून जाता, यावर बरंच ठरतं.

आता आपल्याकडे वळतो. शिव्या द्यायच्या असतील तर त्या परिच्छेदाच्या शेवटी द्या. शांतिसेना १९८७च्या जुलैत श्रीलंकेत गेली. देश व्यापायला नव्हे, करार करून गेली, हे मान्य. पण जाफन्यातल्या माणसाला तो फरक किती जाणवला असेल, शंका आहे. सुमारे १,२०० जवान गमावून शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या बंदरात स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, हे आपल्याला आठवतं. आपण तिथे एक तमिळ फौज उभी केली होती, तिच्यात कोवळ्या पोरांना घरातून उचलून भरती केलं होतं, हे आठवत नाही. आपण निघालो आणि एलटीटीईच्या वाघांनी त्या पोरांना वेचून मारलं. तिथल्या तमिळ प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना आपण भारतात आणलं. पोरांना कोण आणणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. परक्या फौजेने परत जावं, लवकर जावं. पण ज्यांना आपल्या बाजूला ओढलं त्यांचं देणं मिटवून जावं: दुभाषे, ड्रायव्हर, शाळेच्या बाई, भरती केलेली पोरं. विमानतळाच्या फाटकावर चेंगराचेंगरीत कागद तपासून हे होत नसतं. त्याला वर्ष-दोन वर्षं आधी बसावं लागतं. आणि निदान त्यांचं होतं ते तरी अडकवू नये. अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेतच गोठवले गेले. तालिबानच्या हाती पडू नयेत म्हणून, हे समजू शकतो. पण फेब्रुवारी २०२२मध्ये त्यातले निम्मे ९/११च्या खटल्यांसाठी बाजूला ठेवले. तो हल्ला करणाऱ्या १९ जणांत एकही अफगाण नव्हता.

आमचा भाडेकरू २०२१च्या उन्हाळ्यात घरी गेला तो तिकडेच अडकला. २५ ऑगस्टला आपल्या सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले, त्याचाही गेला. संसद बांधून दिली, धरण बांधून दिलं, आणि वेळ आली तेव्हा विद्यार्थ्यांनाही दार लावलं. याच्यावर आपल्याकडे ऑगस्टात कुणी व्हिडिओ फिरवत नाही.

त्याचं १५,००० रुपये डिपॉझिट आईकडे पडून होतं. बँकेतून काबूलला पाठवायची सोय नव्हती. दीड वर्षाने त्याच्या ओळखीचा एक मुलगा आला. आईने आधी व्हिडिओ कॉल लावून खात्री केली, नोटा दोनदा मोजल्या, वहीत त्याची सही घेतली, उजवीकडून डावीकडे.

लाइटबिलाचे ३४० मात्र कापून घेतले.